तोंडात रिबीन होती

“तीन रात्रींना मोजे किती जोड लागतात?” हंसानं विचारलं.

बघत माझ्याकडे होती, पण प्रश्न मॉरीनला होता. मी नुसती मधली. मी तो जसाच्या तसा इंग्रजीत पुढे सरकवला, आणि मॉरीननं आनंदानं दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर आपटले.

“भरपूर! तिकडे डोंगरात नुसता चिखल असतो. म्हणजे बॅग भरलीस तू?”

“भरली,” हंसा म्हणाली. “बॅग भरायला काय, कुणीपण भरेल.”

“भरली,” मी इंग्रजीत म्हणाले. “बॅग भरायला काय, कुणीपण भरेल.”

हे माझं काम. ब्रॅडफर्डमधल्या एका दवाखान्याच्या माडीवर मॉरीन मनाचे उपचार करायची. आपला देश सोडून, जीव मुठीत धरून आलेली माणसं तिच्यासमोर बसायची, आणि त्यांच्यातलं कुणी मराठी निघालं तर मला बोलावणं यायचं. असं कुणी निघत नसे, त्यामुळे एरवी मी प्रसूतीच्या वॉर्डात नाहीतर दातांच्या दवाखान्यात दुभाषीपणा करायचे. इचलकरंजीला मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेली बाई इंग्लंडात इंग्रजीवर पोट भरते, हे माझ्या माहेरी अजून कुणाला खरं वाटत नाही. मी टीव्हीवरच्या मालिका बघून आणि लाँड्रीत बायकांची भांडणं ऐकून शिकले. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुका काढायलाही कुणी नव्हतं. भरभर आली भाषा.

दुभाषाचा नियम असा, की ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही. समोरची ‘मी’ म्हणाली की आपणही ‘मी’च म्हणायचं. पदरचा शब्द घालायचा नाही, आणि खोलीबाहेर तर ओळखच दाखवायची नाही. हंसाचा नवरा चार वर्षांपूर्वी कराचीत एका सकाळी घराबाहेर पडला तो परत आला नाही. त्यामुळे दर गुरुवारी त्या खोलीत इंग्रजीतून माझाच नवरा नाहीसा व्हायचा, आणि संध्याकाळी मराठीतून, “आज पण दोडकाच का गं?” असं विचारत बसची ड्यूटी संपवून घरी यायचा.

हो, कराचीत. मला फोनवर सांगितलं होतं, मराठी बाई आहे. मला वाटलं, सातारा-सांगलीकडची असेल, नवऱ्यानं मारलं असेल. निघाली हंसा जाधव. आजोबा रत्नागिरीकडून कराचीच्या बंदरात कामाला गेले ते तिथेच राहिले. मधे सरहद्द आली तरी हलले नाहीत. “आमच्या गल्लीत गणपती बसतो,” हे तिनं पहिल्याच दिवशी मला बजावून सांगितलं, जणू मी नाही म्हणणार होते. साडीला ‘पातळ’ म्हणायची, नाश्त्याला ‘न्याहारी’. माझ्या आजीबरोबर सरणावर गेलेले शब्द हिच्या तोंडून चालत यायचे, आणि मधूनच ‘फिकीर’, ‘मोहल्ला’, ‘बिलकूल’.

तिला उर्दू मराठीइतकीच चांगली येत होती. म्हणून आधी तिला उर्दूवाली फरझाना दिली होती. फरझाना इतकी गोड बाई, पण हंसा तिच्यासमोर तोंड मिटून बसायची. त्यात त्या बिचारीचा काही दोष नव्हता. नवरा नाहीसा झाल्यावर हंसाच्या दारावर लाथा मारणारी पोरं उर्दूत ओरडली होती. आणि शेजारच्या ज्या शमीम आपानं मायलेकींना तांदळाच्या पोत्यांमागे लपवलं, तीही ‘चुप, बिलकुल चुप’ हे उर्दूतच कुजबुजली होती. पण कान असा हिशेब करत नाहीत. आणि सरकारनं अख्ख्या देशात या बाईला घर कुठे दिलं, तर ब्रॅडफर्डला, जिथे कोथिंबीरसुद्धा उर्दूत मागतात! घराखालीच भेंडीतोंडलीचं दुकान होतं. ही दोन बस बदलून गोऱ्यांच्या दुकानात जायची आणि कोबी घेऊन यायची. रस्त्यात कुणी ‘सुनिये’ म्हटलं की पलीकडच्या फुटपाथवर.

पण आमचं चाललं होतं ते कोमलवरून. कोमल म्हणजे तिची नऊ वर्षांची मुलगी. हंसा तिला शाळेत सोडायची आणि घरी जायचीच नाही. शाळेच्या रेलिंगपाशी उभी. पावसात, बर्फात, डबा घेऊन, शाळा सुटेपर्यंत. मुलं कोमलला ‘तुझा पहारेकरी आला’ म्हणून चिडवायची. मग ती सुट्टीत वर्गातच बसायला लागली, स्वेटरच्या बाह्या चावून चावून तिनं त्यांची लोकर काढली. आणि आता शाळेचं शिबिर निघालं होतं. चार दिवस, डोंगरात. कोमलनं आईला एकदाच विचारलं, ‘जाऊ?’ आईचा चेहरा बघितला, आणि पुन्हा विषय काढला नाही.

“या वेळी ती गेली नाही,” मॉरीन गेल्या महिन्यात म्हणाली होती, “तर ती यापुढे काहीच मागायची नाही. मागणं थांबलेलं मूल फार शहाणं दिसतं, हंसा. लोक कौतुक करतात.”

हे सांगताना माझाही आवाज कापला होता, तो मात्र पदरचा होता.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही तेच एक शिबिर घेऊन बसत होतो. हो, नाही, हो, नाही. आणि आज मोजे.

बस शाळेतून बारा वाजता सुटणार होती. मॉरीननं मुद्दामच हंसाला त्या दिवशी सकाळी बोलावलं होतं, म्हणजे तेवढा वेळ तरी ती रेलिंगपाशी उभी राहणार नाही. हंसाचं मन थाऱ्यावर नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसली होती. कोटाचं वरचं बटण काढायची, लावायची.

“आज सकाळी कोमल शाळेत शिरताना काय म्हणाली?” मॉरीननं विचारलं.

“बाय म्हणाली.”

“आणि तू?”

“मीपण बाय म्हणाले.”

मॉरीन जराशी पुढे वाकली. ती अंगानं मोठी, साठीची, कायम कुठलातरी फिकट स्वेटर घालणारी. घाईचं माणूसच नव्हे.

“हंसा, तो गेला त्या सकाळबद्दल तू कधीच बोलत नाहीस. नंतरचं सांगतेस. दार, पोती, शमीम आपा. पण तो घरातून निघाला तेव्हा?”

हंसानं बटण सोडलं. खोलीतला हीटर टिकटिक करत होता. मला वाटलं आता नेहमीसारखं ‘आठवत नाही’ येईल, म्हणून मी ते इंग्रजी शब्द जिभेवर तयारही ठेवले.

“ते ‘येतो’ म्हणाले नि गेले,” हंसा म्हणाली.

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. मॉरीनच्या कपाळाला आठी पडली.

“येतो म्हणाला? म्हणजे बाहेर होता का तो?”

“नाही, घरातच.”

“मग येतो कसा म्हणेल? कुठून येतो?”

आता हिला काय सांगू? नियम मोडून अर्धा तास व्याख्यान द्यायला हवं होतं, आणि इकडे हंसा तोंड उघडून बसलेली, पुढचं वाक्य जिभेवर आलेलं. मी घाईघाईनं म्हणाले, “बाय म्हणाला. बाय म्हणाला आणि गेला.”

“अच्छा,” मॉरीन म्हणाली.

‘बाय’ समजण्याइतकं इंग्रजी हंसाला येत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. भाजीवाल्यानं तराजूला बोट लावलेलं दिसावं तसं. मग तोंड मिटलं, आणि ती उठली.

“कोमलचं सगळं झालं आता,” ती म्हणाली. “तिला काळोखात भीती वाटते, ते टीचरला सांगून ठेवलंय. टीचर बघेल तिचं. आता माझं काही काम नाही. जाते.”

मी सांगितलं. मॉरीन उभी राहिली, तिनं हंसाचे दोन्ही हात हातात घेतले. “खूप धीराचं काम केलंस. बाय, लव्ह. पुढच्या गुरुवारी.”

हंसा गेली.

‘जाते’ हे ती दर वेळी म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. माझ्या आईसमोर कुणी उंबऱ्यात ‘जाते’ म्हणालं असतं, तर तिनं त्याला परत आत बसवून, चहा पाजून, ‘येते’ म्हणायला लावून मग सोडलं असतं. पण मी मनाची समजूत घातली होती: कराचीत तसंच म्हणत असतील. एवढी वर्षं तिकडे, मधे समुद्र, मधे सरहद्द. झिजला असेल शब्द. आणि इंग्रजीत काय, येते म्हणा, जाते म्हणा, त्यांना एकच. माझं काम उलट सोपं झालं होतं.

मी कोट चढवला, जिना उतरायला लागले आणि मधल्या पायरीवर माझा पाय थांबला.

ते ‘येतो’ म्हणाले नि गेले.

म्हणजे कराचीत ‘येतो’ म्हणतात. हिच्या घरात म्हणत होते. शब्द झिजलेला नाही. मग ही ‘जाते’ म्हणते ती जाणूनबुजून म्हणते.

टीचर बघेल तिचं. आता माझं काही काम नाही. जाते.

मी उलटी वर पळाले. मॉरीन खिडकी उघडून पुढच्या माणसासाठी खोलीतली हवा बदलत होती.

“मॉरीन, ती ‘जाते’ म्हणाली!”

“हो, तूच सांगितलंस.”

“अगं, पण आमच्यात तसं म्हणत नाहीत!”

“मग काय म्हणतात?”

“येते!”

मॉरीन माझ्याकडे बघत राहिली. “जाताना?”

“जातानाच!”

“बस,” ती म्हणाली. “श्वास घे.”

“श्वास कसला घेते! मेलेलं माणूस जातं गं. जिवंत माणूस येतं. ‘जाते’ म्हणजे... परत नाही येणार ती. आणि मुलीची सोय लावून निघाली आहे!”

हे ऐकल्यावर मात्र मॉरीन हसली नाही, की ‘तुमची भाषा किती छान’ असंही काही म्हणाली नाही. सरळ फोन उचलला आणि हंसाचा नंबर लावला. बंद. “तू इथे थांब,” ती दुसरा नंबर फिरवत म्हणाली. “आमची माणसं आहेत यासाठी. तुझं काम नाही हे.”

“हो, थांबते,” मी म्हणाले, आणि जिना उतरले.

खाली रस्त्यावर आले तर हंसाचा पत्ता नाही. डावीकडे कालवा, उजवीकडे शाळेचा रस्ता. तिचं घर कुठे ते मला माहीत असायची परवानगीच नव्हती. मी आधी कालव्याच्या दिशेनं गेले. थोडं जाऊन परत फिरले. मग वाटलं, नाही, तिकडेच बघायला हवं, पुन्हा वळले. एका दुकानदारानं काचेतून माझ्याकडे बघून भुवई उडवली. शेवटी माझ्या मनानं घेतलं, की काही झालं तरी पोरीला एकदा डोळा भरून बघितल्याशिवाय ती कुठे जाणार नाही. शाळा.

माझं वजन, माझे गुडघे आणि ब्रॅडफर्डचे चढ, यांचं आपसात कधीच जमलं नाही. बस मिळेल म्हणून थांब्यावर उभी राहिले, दोन क्षणही धीर निघेना, चालायला लागले. तेवढ्यात मागून बस आली आणि निघून गेली. मी तिला आणि तिच्या ड्रायव्हरला मराठीत जे काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. माझाच नवरा त्या खात्यात आहे. वाटेत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: मी ते सांगितलं होतं. माझ्याच तोंडानं, ‘मी’ म्हणून, स्वच्छ इंग्रजीत. आणि आम्ही दोघींनी तिला बाय केलं.

शाळेच्या दाराशी मोठी पांढरी बस उभी होती, इंजिन चालू. आईबाप, बॅगा, रडणारी एक-दोन, हसणारी बाकीची. आणि रेलिंगला चिकटून, नेहमीच्या जागी, हंसा. जिवंत. अंगठ्याच्या नखानं रेलिंगचा हिरवा रंग खरवडत.

मला खरं तर तिला मिठी मारायची होती. पण दम लागला होता, आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, “काय गं ए! लाज वाटत नाही?”

ती दचकली. “बाई, तुम्ही? इथे?”

“बाई गेली खड्ड्यात! जाते म्हणतेस? एवढी सोन्यासारखी पोर टाकून जाते म्हणतेस? कुठे जातेस? सांग, कुठे जातेस ती!”

“घरी,” हंसा म्हणाली.

“खोटं बोलू नकोस!”

“घरीच. डाळ भिजत घातलीये.” तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. “हाय रब्बा. तुम्हाला वाटलं मी... मी काय वेडी आहे? कोमलला सोडून?”

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मॉरीन. “सापडली,” मी सांगितलं. “शाळेत. डाळ भिजत घातलीये.” पलीकडून मॉरीनचा मोठा सुस्कारा आला. मी फोन ठेवला, पण आता मला थांबता येईना.

“मग दर वेळी जाते का म्हणतेस? ‘येते’ माहीत आहे ना तुला? आज बोललीस की, ते येतो म्हणाले म्हणून.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मी येते म्हणाले, तर ‘ये’ कोण म्हणणार?” हंसा म्हणाली. “मॉरीनबाई? ती बाय-बाय म्हणते.”

“अगं, मी होते ना तिथे! मी म्हटलं असतं.”

“तुम्हाला कुठे परवानगी आहे बोलायची?”

ती परत रंग खरवडायला लागली.

“येतो म्हणणाऱ्याला ये म्हणावं लागतं, ताई,” ती म्हणाली. बाईची ताई कधी झाले ते मला कळलंच नाही. “माझी आजी काय करायची, हातातलं काम टाकून दारापर्यंत यायची. ये रे बाबा, म्हणायची. तोपर्यंत माणूस उंबऱ्यातच उभं. नुसतं येतो म्हणून कुणी जायचं नाही. ते पण थांबले होते त्या दिवशी. दारात. दुकानातून फक्त हत्यारं आणायला निघाले होते, चार दिवस मोहल्ल्यात कुरबूर चालली होती म्हणून. शिलाई मशीन दुरुस्त करायचे ना. येतो म्हणाले. आणि थांबले.”

“मग?”

“मी कोमलच्या वेण्या घालत होते. एक झाली होती, दुसरी हातात होती. तोंडात रिबीन होती.”

तिनं दात आवळून दाखवले. रिबीन धरावी तसे.

“तोंडात रिबीन होती, ताई. मी ‘हं’ म्हटलं. नुसतं हं. दोन बोटं मोकळी करून ती काढता आली असती. मला वाटलं, वेणी सुटेल. ते थोडा वेळ थांबले, हसले, नि गेले.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “ये म्हटलंच नाही, तर कशाला येतील?”

सुट्टीत कोमल आईबरोबर दवाखान्यात यायची, तेव्हा तिचे केस मुलासारखे बारीक कापलेले असायचे. मी एकदा विचारलंही होतं, नियम मोडून, की एवढ्याशा पोरीचे केस का गं कापलेस? तर म्हणाली होती, वेण्या घालायला वेळ कुठे असतो. आश्रय मागून आलेली, काम करायची परवानगी नसलेली बाई. तिच्याकडे वेळ सोडून दुसरं काही नव्हतं.

“म्हणून मी येते म्हणत नाही,” हंसा म्हणाली. “कोमललापण म्हणू देत नाही. बाय म्हण म्हणते. बायला काही उत्तर लागत नाही.”

आमचे आवाज चढलेले होते. मराठीत भांडणाऱ्या दोन बायका ब्रॅडफर्डच्या फुटपाथवर लपत नाहीत. आजूबाजूचे आईबाप सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. आणि रेलिंगच्या आतल्या बाजूला, पाठीवर स्वतःहून मोठी बॅग घेतलेली कोमल उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या बाहीचं टोक तोंडात होतं. तिनं ते बाहेर काढलं.

“मम्मी,” ती म्हणाली, “येटे.”

इंग्रजी शाळेत तिच्या ‘त’चा ‘ट’ झाला होता.

हंसाचे ओठ हलले. आवाज आला नाही. कोमल थांबली, अगदी उंबऱ्यात थांबावं तशी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. माझ्या जिभेवर ‘ये’ आलेला होता. मी दातांनी धरून ठेवला. तो मी म्हणून चालणारच नव्हतं. तिकडून टीचरनं हाक मारली. कोमलनं आणखी थोडी वाट बघितली, मग मान डोलावली, आणि गेली. ते मान डोलावणं फार शहाणं होतं. मला मॉरीनचं वाक्य आठवलं.

दार फुस्सकन बंद झालं. मागच्या खिडकीत कोमलचं डोकं दिसलं. बस हलली.

आणि हंसा पळाली. तिला पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. बसच्या बाजूनं, उघड्या हातानं पत्र्यावर थापा मारत.

“ये!” ती ओरडली. “कोमल, ये! ये गं! ये!”

ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. दार उघडलं. मिस हार्ग्रीव्हज म्हणून कोमलची टीचर होती, तरुण, उंच. ती पायरीवर आली, आणि हंसाचा चेहरा बघून तिचे खांदेच पडले. तिनंही या शिबिरासाठी महिनाभर हंसाच्या विनवण्या केल्या होत्या.

“ये! ये!” हंसाचं चालूच होतं. दोन्ही हातांनी बोलावत होती, बोटं स्वतःकडे ओढत. आत बसमधे कोमल उठून उभी राहिली होती. तिनं बॅग पाठीला लावली. रडली नाही, काही नाही. आई बोलावते आहे, उतरायचं. तिला सवय होती.

मिस हार्ग्रीव्हजनं माझ्याकडे बघितलं. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तपकिरी होते आणि शेजारी उभी होते, तेवढं पुरलं.

“काय म्हणतायत त्या?” तिनं विचारलं. “उतरवायचं का तिला?”

ड्रायव्हर, टीचर, फुटपाथवरचे आईबाप, खिडक्यांना नाकं लावलेली मुलं, सगळे माझ्याकडे बघत होते. मी शपथ घेतलेली दुभाषी. शब्दाला शब्द, पदरचं काही नाही.

“जा म्हणतायत,” मी सांगितलं.

“पण केव्हापासून त्या एकच शब्द ओरडतायत.”

“हो,” मी म्हणाले. “तोच. जा.”

ती गोंधळली. पण आतमधे कोमल मधल्या वाटेत थांबली होती, आईकडे बघत. हंसाचा दम संपला होता. तिनं बसच्या दाराची कड धरली, आणि ती आता ओरडली नाही. साधं, दारात उभं राहून म्हणतात तसं म्हणाली, “ये हं नीट.”

कोमलच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही. ती मागे फिरली, बॅग काढली, आणि धप्पकन आपल्या जागेवर बसली, जशी बाकीची मुलं बसतात तशी.

दार लागलं. बस वळणाआड गेली. फुटपाथ हळूहळू रिकामा झाला. हंसा मात्र रस्त्याच्या कडेला उभीच होती, आणि तिचा हात अजून चालू होता, बोटं स्वतःकडे ओढत, ये, ये. मी तिला थांबवलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे एक म्हातारे बाबा चालले होते. पांढरी दाढी, सलवार-कमीज, वर जाडजूड विलायती कोट, हातात भाजीची पिशवी. त्यांना वाटलं, ही बाई आपल्यालाच बोलावते आहे. त्यांनी दोन्हीकडे बघून सावकाश रस्ता ओलांडला आणि आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

“जी, बेटी?” ते म्हणाले. “मुझे बुलाया?”

हंसाचा हात हवेत थांबला. ती पलीकडच्या फुटपाथकडे बघायला लागली. मी सवयीनं मधे सरकले, तोंड उघडलं. पण या दोघांच्या मधे दुभाषाला काही कामच नव्हतं. पिशवीतून भेंडीचे देठ बाहेर आले होते. बाबा वाट बघत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“नहीं, बाबा,” हंसा म्हणाली. आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला. तिनं घसा साफ केला. “बेटी गयी है.”

आणि जरा थांबून,

“आएगी.”